चारावाफा (हरणांच्या शिकारीसाठीचा)

अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांना बंदुकीच्या किंवा धनुष्याच्या टप्प्यात आणण्यासाठी जंगलाच्या कडेला पेरलेला जमिनीचा लहान तुकडा, बहुधा एकरभराच्या आतला. त्यात क्लोव्हर, ओट, हिवाळी गहू किंवा सलगम पेरतात. माती आम्लधर्मी असेल तर आधी चुना मिसळावा लागतो. यातून हरणांचे पोषण होते, असे समर्थक सांगतात. पण एवढ्याशा तुकड्यावर कळपाची गुजराण होत नाही. हरणांची खरी भिस्त रानातली पालवी, कोवळ्या डहाळ्या आणि ओकची फळे यांवरच असते. वाफ्यात तारेच्या जाळीचा छोटा पिंजरा उभा केला की पुरावा डोळ्यांसमोर येतो: हरणे फार असतील तिथे जाळीच्या आत क्लोव्हर तरारलेला आणि बाहेर जमिनीलगत कुरतडलेला दिसतो. म्हणून वाफा हे मुख्यतः शिकारीचेच साधन मानावे.

मग आमिष म्हणून मक्याचा ढीग टाकण्याहून तो वेगळा कसा, हा आक्षेप रास्त आहे. ढिगावर तोंडाला तोंड लागते आणि १९६७ मध्ये कोलोरॅडोत प्रथम दिसलेला क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा असाध्य रोग लाळेतून पसरण्याची भीती वाढते. वाफ्यात चरणे विखुरलेले असते. आमिषाला बंदी असलेल्या अनेक राज्यांत पेरणीला मुभाही आहे. तरी धोका घटतो, संपत नाही. जिथे हरणे आधीच जास्त आहेत, तिथे नवा वाफा पेरण्यापेक्षा माद्यांची शिकार वाढवणे अधिक उपयोगाचे.