ॲपची रॅम वाढतच चाललीये? डेटाबेसचा कर्सर उघडा राहिलाय का बघा

समजा, तुम्ही स्वतः खर्चवहीचं एक छोटं ॲप बनवलंय. सुरू होताना ते 120 एमबी रॅम घेतं, पण यादी पन्नासेक वेळा उघड-बंद केली की आकडा दुप्पट होतो आणि कधीतरी ॲप धाडकन बंद पडतं. लगेच ‘मेमरी लीक’ म्हणून मोकळे होऊ नका.

अँड्रॉइडमधला एसक्यूलाइट डेटाबेस वाचलेली पानं कॅशमध्ये ठेवतो, त्यामुळे सुरुवातीची वाढ साहजिक आहे. एकच स्क्रीन 20 वेळा उघडा, मागे या, मग अँड्रॉइड स्टुडिओच्या प्रोफायलरमधून गार्बेज कलेक्शन चालवा. आलेख एका उंचीवर थांबला तर बहुतेक कॅशच. दर फेरीला पायरी चढत गेला, तर मात्र गडबड आहे.

क्वेरी केली की हातात कर्सर येतो. त्याच्यामागे ओळी साठवणारी ‘कर्सरविंडो’ असते, सहसा 2 एमबीपर्यंतची. गोची अशी, की ही जागा जावा हीपच्या बाहेर असते. बरेच जण फक्त जावा हीप बघतात, तिथं सगळं ठीक दिसतं आणि दोन दिवस वाया जातात! गार्बेज कलेक्टरलाही कर्सर म्हणजे छोटीशी वस्तू वाटते, त्यामुळे तो घाई करत नाही.

म्हणून फोन केबलनं जोडा आणि ‘एडीबी शेल डम्पसिस मेमइन्फो’ या कमांडपुढे पॅकेजचं नाव द्या. जावा हीप, नेटिव्ह हीप वेगवेगळे दिसतात, खाली एसक्यूएलचा भागही असतो. फेऱ्यांच्या आधी आणि नंतर, दोनदा चालवून आकडे ताडून बघा.

दोषी ओळ शोधायला स्ट्रिक्टमोडमधलं ‘डिटेक्टलीक्डएसक्यूएललाइटऑब्जेक्ट्स’ सुरू करा (नावात एक ‘एल’ जास्तीचा आहे, तसाच टाइप करा). न मिटलेला कर्सर कुठं उघडला होता, ते लॉगकॅटमध्ये येतं. पण वस्तू गोळा होताना सापडली तरच. कर्सर एखाद्या स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये अडकला असेल तर स्ट्रिक्टमोड गप्प बसतो. तेव्हा हीप डम्प काढून ‘एसक्यूलाइटकर्सर’ किती आहेत ते मोजा, आणि त्यांना कोणी धरून ठेवलंय ते बघा.

उपाय सोपा आहे: कॉटलिनमध्ये कर्सर ‘यूज’ ब्लॉकमध्येच वापरा, एरर आली तरी तो बंद होतो. रूम लायब्ररी यादी परत देताना कर्सर स्वतः मिटवते, पण डाओमधून थेट कर्सर मागितलात तर जबाबदारी तुमची. शिवाय दर स्क्रीनला नवा डेटाबेस बिल्ड करू नका, प्रत्येकाची कनेक्शन्स आणि कॅश वेगळी असते. अख्ख्या ॲपला एकच पुरतो.