टीव्हीवर सिनेमाचे डायलॉग नीट ऐकू येत नाहीत? आधी हे करून बघा

गाणं लागलं की आवाज कमी करायचा, डायलॉग आला की वाढवायचा. आमच्या घरी रिमोट खाली ठेवताच यायचा नाही. आजी तर "काही कळत नाही बाई" म्हणत उठून जायची. मला वाटलं, तिला कमी ऐकू येतंय. पण घोळ सेटिंगचा होता.

असं का होतं?
बऱ्याच सिनेमांचा आवाज 5.1 असतो, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. डायलॉग मुख्यतः मधल्या, सेंटर स्पीकरसाठी असतात. टीव्हीला दोनच स्पीकर असले की संगीत, स्फोट, डायलॉग सगळं त्यातच कोंबलं जातं. शिवाय पातळ टीव्हीत स्पीकरचं तोंड बहुधा खाली किंवा मागे असतं.

काय कराल?
1. ॲपच्या ऑडिओ मेनूत 5.1 शिवाय साधा स्टिरिओ पर्याय दिसला, तर तो लावून बघा.
2. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये आवाज स्पष्ट करणारा मोड शोधा. कंपनीनुसार नाव बदलतं.
3. नाइट मोड असेल तर चालू करा. मोठे आवाज दबतात, हळू बोलणं वर येतं.
4. प्राइम व्हिडिओवर काही सिनेमांना ‘डायलॉग बूस्ट’ मिळतं.
5. साउंडबार घ्यायचाच असेल, तर सेंटर चॅनल असलेला, म्हणजे निदान 3.1 घ्या.

आमचं काम पहिल्या दोन सेटिंगवरच भागलं. आता आजी सिनेमा संपेपर्यंत बसते.