स्वल्पविरामाचा पहारा

हजेरीपट आणि पगारपत्रके तपासण्यात आम्हा कामगार कार्यकर्त्यांचा जन्म गेला. आता ती संगणकाच्या फायलींत असतात. माहिती खुणा घालून मांडण्याच्या एक्सएमएल पद्धतीने १९९८ साली दंडक घातला : एक खूण चुकली, की वाचन तेथेच थांबवावे. पुढे अमेरिकेतील डग्लस क्रॉकफर्ड यांनी जेसन ही सुटसुटीत मांडणी रूढ केली. प्रारंभी ब्राउझरमध्ये ती बहुधा न तपासता आज्ञेसारखीच चालवीत. त्यात दगाफटक्याला वाव होता. २००९ च्या जावास्क्रिप्ट प्रमाणाने तपासून वाचण्याची सोय दिली. त्यात स्वल्पविराम गळाला, तरी फाइल परत येते. मात्र हा पहारेकरी व्याकरण पाहतो, न्याय नव्हे. २६ हजेऱ्यांच्या २० झाल्या, तरी तो मुकाट्याने वाट देतो. ती झडती आपणच घेतली पाहिजे.