पुडीतला बनफशा

नागपुरात डिसेंबर उजाडला की आमच्या घरी जोशांद्याचे पातेले गॅसवर चढते. उन्नाब, सपिस्तान, मुलेठी, खतमीचे बी, गावजबान आणि बनफशा. अम्मीला हा नुस्खा तिच्या सासूने, म्हणजे आमच्या दादीने दिला. त्यात किती वजनाचे काय घालायचे हे कुठेही लिहिलेले नाही, सगळे चिमटीच्या मापाने चालते. लहानपणी मला त्याचा वासही सहन व्हायचा नाही. आता चाळिशी ओलांडल्यावर मीच सदरच्या बाजारातून पुडी बांधून आणतो.

गेल्या हिवाळ्यात नववीला उर्दूचा पाठ शिकवताना 'बनफ़्शी' हा शब्द आला. मी फळ्यावर शेजारी मराठी अर्थ लिहिला, 'जांभळा'. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, आमच्या घरी बनफशा येतो, पण तो तर मातकट असतो. जांभळा कसा?" मी नेहमीचे शिक्षकी उत्तर दिले की वाळल्यावर रंग उडतो. वर्ग पुढे गेला, मी मात्र त्या प्रश्नापाशीच अडकून राहिलो. कारण खरे सांगायचे तर बनफशाचे ताजे फूल मी आयुष्यात कधी पाहिलेले नव्हते. उर्दू शायरीत मान खाली घालून उभा असलेला बनफशा मी वीस वर्षे शिकवत आलो, तोही न बघताच.

त्या रात्री पुडी वर्तमानपत्रावर पसरली आणि त्यातली चुरगळलेली पाने कोमट पाण्यात टाकली. अर्ध्या तासात ती उलगडली. फुले थोडी होती, काड्या आणि पानेच जास्त. आणि पाने एका जातीची नव्हती. काही बदामाच्या आकाराची, टोकाला अणकुचीदार. काही जवळजवळ गोल आणि दोन्ही बाजूंनी करड्या लवेने भरलेली. दोन-तीन तर लांबट, भाल्याच्या पात्यासारखी. चिठ्ठीवर नाव मात्र एकच, गुले-बनफशा.

हा गोंधळ आजचा नाही. पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस नावाच्या ग्रीक वैद्याने औषधी वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात जांभळे सुवासिक 'आयन' आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये इस्तिफन इब्न बसील याने त्या ग्रंथाचा अरबी तर्जुमा केला आणि हुनैन इब्न इसहाकने तो तपासून दुरुस्त केला. दोघेही ख्रिस्ती. त्यांच्या कामातली एक गोष्ट मला भाषाशिक्षक म्हणून फार आवडते. ज्या ग्रीक वनस्पतीला अरबी नाव सापडले नाही, तिथे इस्तिफनने ओढूनताणून शब्द बनवला नाही. ग्रीक नाव तसेच अरबी लिपीत ठेवले, पुढे कुणी जाणकार येईल आणि ओळख पटवेल या भरवशावर. 'आयन'ची अडचण आली नाही, कारण फारसीतला बनफशा 'बनफ्सज' होऊन अरबीत आधीच रुळलेला होता.

तो जाणकार यायला शंभर वर्षे लागली, आणि तो एकटा आला नाही. दहाव्या शतकाच्या मध्यावर कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहाने कुर्तुब्याच्या खलिफा अब्दुर्रहमान तिसऱ्याला याच ग्रंथाची चित्रांनी नटलेली ग्रीक प्रत भेट पाठवली. कुर्तुब्यात ग्रीक वाचणारा कुणी नव्हता. मग ९५१ च्या सुमारास निकोलस नावाचा एक ख्रिस्ती साधू मुद्दाम मागवण्यात आला. तो, हसदाय इब्न शप्रूत हा यहुदी वैद्य आणि शहरातले मुसलमान हकीम एकत्र बसले आणि पानागणिक ठरवत गेले की हे चित्र म्हणजे आपल्या डोंगरातली अमुक वनस्पती. ही हकीकत इब्न जुलजुल या कुर्तुब्याच्याच हकिमाने नोंदवून ठेवली आहे. पुढे तेराव्या शतकात मलागाचा इब्न अल-बैतार स्वतः रानोमाळ फिरला आणि चौदाशेच्या आसपास औषधांची नोंद करून १२४८ मध्ये दमिश्कला वारला. आपल्याकडे 'किताबुल हिंद'मुळे माहीत असलेला अल-बिरूनी म्हातारपणी 'किताबुस सैदना' लिहीत होता, त्यातही एकेका औषधाची अरबी, फारसी, ग्रीक, सुरियानी आणि हिंदी नावे आहेत. औषध आधी नावाने ओळखायचे असते आणि नाव चुकले की पुढचे सगळे चुकते, ही या मंडळींना लागलेली काळजी होती.

ग्रंथातला हा बनफशा आजच्या वनस्पतिशास्त्रात व्हायोला ओडोराटा. लिनियसने १७५३ मध्ये हे नाव दिले, ओडोराटा म्हणजे सुवासिक. त्याचे मूळ घर युरोप आणि पश्चिम आशिया. हिंदुस्थानात युनानी आली तेव्हा तिच्या मागोमाग ही वाळकी फुलेही आली. पण हिमालयाच्या उतारांवर त्याच कुळातल्या, त्याच चेहऱ्याच्या दुसऱ्या जाती आधीपासूनच उगवत होत्या, आणि डोंगरातल्या लोकांनी त्यांनाही बनफशाच म्हटले. त्यात चूक काय म्हणावी? जांभळे फूल, बदामी पान, सावलीची हौस, सगळे सारखेच.

त्या जातींना शास्त्रीय नावे कधी मिळाली हे शोधताना मी अचानक आपल्या अंगणात येऊन पोहोचलो. नथॅनिएल वॉलिच हा डॅनिश डॉक्टर कलकत्त्याच्या शिबपूर बागेचा प्रमुख होता. १८२०-२१ मध्ये तो नेपाळात गेला आणि ढीगभर वनस्पती घेऊन परतला. त्यातल्या दोन रानव्हायोलेटना त्याने नावे दिली, एक 'सर्पेन्स', म्हणजे सरपटणारी, दुसरी 'कॅनेसन्स', म्हणजे पिकल्या केसांसारखी पांढुरकी होत जाणारी. ही नावे छापली गेली १८२४ मध्ये, रॉक्सबर्गच्या 'फ्लोरा इंडिका'च्या दुसऱ्या खंडात. रॉक्सबर्ग तोवर वारला होता. वॉलिचची भर घालून तो ग्रंथ श्रीरामपूरला छापवून घेणारा संपादक होता विल्यम कॅरी.

मराठीच्या शिक्षकाला हे नाव कसे चुकेल! १८०५ चे मराठी व्याकरण आणि १८१० चा मोडी टायपातला मराठी कोश याच कॅरीचा. बी.एड.च्या काळात ही सने आम्ही पाठ केली होती. त्याला मराठी शिकवणारे पंडित वैजनाथ शर्मा, ज्यांना मराठी वाङ्मयाचे इतिहासकार नागपूरचे म्हणतात. म्हणजे ज्या माणसाने एका हाताने मराठी शब्दांचा कोश लावला, त्यानेच दुसऱ्या हाताने माझ्या पुडीतल्या पानांची नावे छापली. कोश आणि फ्लोरा ही कामे तशी सख्खी भावंडेच आहेत. दोन्हींत सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टींमधला फरक सांगता यावा लागतो.

'सर्पेन्स' नाव मात्र टिकले नाही. डच वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लूम याने जावातून त्याच जातीला १८२३ मध्ये 'पिलोसा' म्हटले होते. एका वर्षाने जुने, म्हणून तेच ग्राह्य. जुन्या पुस्तकात व्हायोला सर्पेन्स आणि नव्यात व्हायोला पिलोसा दिसले तर गोंधळू नये, रोप तेच आहे.

आता पुडीकडे. व्हायोला ओडोराटाचे पान गोलसर बदामी असते आणि टोक बोथट. पानाच्या देठावर बारीक लव, तीही खाली वळलेली. रोपाच्या बुडातून जमिनीवर फांद्या धावतात आणि जागोजागी मुळे धरतात. फुलाखालची हिरवी संदले बोथट टोकाची. पिलोसाही अशीच धावते, पण तिचे पान टोकाकडे निमुळते होत अणकुचीदार होते आणि संदलेही टोकदार. देठाच्या बुडाशी जी दोन छोटी उपपर्णे असतात, त्यांच्या कडांना पिलोसात लांब झालर असते, दुपट्ट्याच्या गोंड्यांसारखी. ओडोराटाची झालर आखूड. कॅनेसन्सचे पान पुन्हा ओडोराटासारखे गोलसर आणि बोथट, म्हणून बाजारात फसगत होते ती इथेच. तिथे लव बघायची. कॅनेसन्स करडी, मऊ, बोटाला मखमलीसारखी लागते. आणि ती भाल्यासारखी लांबट पाने? ती व्हायोला बेटोनिसिफोलिया. तिला धावत्या फांद्या नसतातच आणि पानाच्या देठाला दोन्ही कडांनी पंख असतात. हिमालयाप्रमाणेच ती दक्षिणेत निलगिरीवरही उगवते.

ताजे फूल हाती असेल तर आणखी एक खूण आहे. ओडोराटाच्या कुक्षिवृन्ताचे टोक पक्ष्याच्या चोचीसारखे खाली वाकलेले असते. भिंगाशिवाय दिसत नाही, आणि वाळलेल्या चुऱ्यात शोधणे म्हणजे शिक्षाच. सुवासावर तर अजिबात विसंबू नये. एक तर वाळल्यावर तो जवळजवळ जातो. दुसरे म्हणजे ताज्या फुलातही तो चकवतो. ज्या द्रव्यांमुळे हा वास येतो त्यांना त्या ग्रीक 'आयन'वरूनच आयोनोन म्हणतात, आणि ती नाकाची संवेदना काही क्षण बधिर करतात. वास येतो, जातो, पुन्हा येतो. युरोपातले लोक ओडोराटा आणि तिची बिनवासाची बहीण व्हायोला हिर्टा यांच्यात असेच गोंधळतात. हिर्टाला धावत्या फांद्या नसतात, हीच त्यांची सोपी खूण.

या हिशेबाने माझ्या पुडीत ओडोराटाचे म्हणता येईल असे एकही पान निघाले नाही. दुसऱ्या दिवशी पाने डबीत घालून पनसारीचाचांकडे गेलो. त्यांचे वय सत्तरीचे, दुकान वडिलांपासूनचे. ते चिडले नाहीत. म्हणाले, "सर, माल पहाडातून येतो. गोणीवर बनफशा लिहिलेले असते, मी पण तेच लिहितो. असली-नकली मला विचारू नका, नाक मोकळे होते की नाही ते अम्मीजानना विचारा."

त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. युनानीत 'बदल' नावाची रीतसर कल्पना आहे. एखादे औषध मिळत नसेल तर त्याच्या जागी काय द्यावे, हे हकिमांनी लिहून ठेवले आहे. अबू बक्र अर-राजीने तर या बदलांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. पण बदल म्हणजे हकिमाने जाणून दिलेली वस्तू, तिचे वेगळे नाव आणि वेगळे माप सांगून. तीन जाती एका गोणीत मिसळून वर चौथीचे नाव लिहिणे याला राजी बदल म्हणाला नसता. रोग्याचे सोडा, एखाद्या प्रयोगशाळेने उद्या बनफशावर काम केले आणि गोणीत भलतेच निघाले, तर निष्कर्ष कोणाच्या नावावर जाणार? युनानीला अंधश्रद्धा म्हणणाऱ्यांवर आपण रागावतो. निदान पुडीत काय आहे ते तरी आपल्याला सांगता यायला हवे.

डोंगराच्या बाजूनेही हा हिशेब आहेच. फक्त फूल खुडले तर रोप राहते, पण पाना-मुळांसकट अख्खे उपटून वाळवले तर त्या जागी पुढच्या वर्षी काही उगवत नाही. माझ्या पुडीत मुळांचे तुकडे होते.

मुलीला उत्तर द्यायचे बाकी होते. नागपूरच्या मे महिन्यात बनफशा जगणार नाही. पण सदरच्या बंगल्यांपुढच्या कुंड्यांत हिवाळ्यात जी पॅन्सी फुलते, ती व्हायोलाच आहे. एक रोप शाळेत नेले. पाच पाकळ्या, खालची सगळ्यांत वेगळी आणि तिच्या मागे निघालेली छोटी शुंडिका मुलांनी बोटांनी चाचपून पाहिली. नर्सरीत 'आफ्रिकन व्हायोलेट' म्हणून जे विकतात ते मात्र या कुळातले नाही, तिथे नावावर जाऊ नका.

आणि एक जण तर अगदी आपल्या गवतात राहतो. पावसाळ्यात सेमिनरी हिल्सच्या बाजूला फिरताना वीतभर उंचीचे एक झुडूप दिसते, अरुंद पानांचे, प्रत्येक पानाच्या बगलेत एकेक फूल, आणि त्या फुलाची एकच पाकळी मोठी, गुलाबी-जांभळी, खोऱ्याच्या आकाराची. बाकीच्या इतक्या लहान की फूल एकाच पाकळीचे वाटावे. हा रतनपुरुष. आयुर्वेदवाल्यांना ठाऊक असलेला. बनफशासारखी बदामी पाने नाहीत, धावत्या फांद्या नाहीत, खोड सरळ उभे. तरी लिनियसने १७५३ मध्ये याला व्हायोलाच म्हटले होते, व्हायोला एनिस्पर्मा, नऊ बियांची. पुढे त्याला हायबॅन्थसमध्ये हलवले आणि अलीकडे अफ्रोहायबॅन्थसमध्ये. कूळ मात्र तेच राहिले, व्हायोलेसी. बोंड पिकले की बनफशासारखेच तीन फाळींत उघडते.

जुलैत मी त्या मुलीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना, त्यांच्या पालकांसह, रतनपुरुष दाखवायला घेऊन गेलो. तिने फूल उलटे धरले, मागे बघितले आणि म्हणाली, "सर, याची शेपटी पॅन्सीपेक्षा छोटी आहे." मी वाकून पाहिले. छोटीच होती.

पनसारीचाचांनी या वर्षी दोन बरण्या ठेवल्या आहेत. एकीवर 'बनफशा, काश्मीर' आणि दुसरीवर 'बनफशा, पहाडी'. काश्मीरवाला तिपटीने महाग आहे. पाव छटाक घेऊन आलो आणि पाने पाण्यात घातली. दोन बोथट टोकाची निघाली, देठांवर लव खाली वळलेली. बाकीची अणकुचीदार. अम्मीने तोवर पहाडी पुडीचा जोशांदा उकळून पेला माझ्यापुढे ठेवला होता.