बादशहाच्या पत्त्यांवरचा बाइंडर

“सर, बच्ची बोलती है, क्लास में पत्ते खेलते. सही बात है क्या?”

शाळा सुटल्यावर एक पालक दारात उभे होते. सातवीतल्या मुलीचे वडील, गावातल्या छापखान्यात बाइंडिंगचं काम करणारे. आवाज चढलेला नव्हता, पण चेहऱ्यावर काळजी होती. मुस्लिम घरात ‘पत्ते’ हा शब्द जुगाराच्या शेजारीच बसलेला असतो. माझ्या घरीही तसंच होतं. लहानपणी मामाकडे बदाम सात रंगात आलेला असताना अब्बांची चाहूल लागली की पत्ते सतरंजीखाली जायचे.

मी त्यांना आत बसवलं आणि टेबलावरची पुठ्ठ्याची पेटी उघडून दाखवली. आत 48 पत्ते होते. उरलेल्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे, मीच कापलेले, मीच रंगवलेले. कचेरी, बाजार, घर आणि कारागिरी असे चार गट. प्रत्येक गटात एक राजा, एक वजीर आणि एक ते दहा आकड्यांचे पत्ते. प्रत्येक पत्त्यावर उर्दूत आणि मराठीत सारखाच नांदणारा एक शब्द: अर्ज, नक्कल, किंमत, दुकान, चादर, दरवाजा, अस्तर, मखमल. पत्ता टाकणाऱ्याने तो शब्द दोन्ही लिपींत फळ्यावर लिहायचा, तरच पत्ता धरायचा. आमच्या मुलांना मराठी ही ‘दुसऱ्यांची’ भाषा वाटते. ती भीती जावी, एवढाच माझा हेतू होता.

“पैसा नहीं लगाते ना?”

“अजिबात नाही.”

ते उठले. जाताजाता म्हणाले, “फिर भी सर, पत्ते अपने लोगों की चीज नहीं.”

हे शेवटचं वाक्य माझ्या मनात राहिलं. जुगाराबद्दल वादच नाही; कुरआनने मैसिर म्हणजे जुगार हराम ठरवला आहे. पैज नसली तरी पत्ते नापसंत करणारे अनेक उलमा आहेत, त्यांचंही मी खोडत नाही. पण ‘अपने लोगों की चीज नहीं’ हे विधान इतिहासाचं आहे, आणि इतिहास म्हणून ते चूक आहे.

इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात इजिप्तच्या ममलूक काळातला पत्त्यांचा एक संच आहे. पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या असे चार रंग, प्रत्येकात 13 पत्ते. राजाच्या, नायबाच्या आणि दुसऱ्या नायबाच्या पत्त्यांवर माणसाचं चित्र नाही. नक्षी आहे आणि अरबी अक्षरं आहेत. चित्र काढायचं नाही तर पत्ता ओळखायचा कसा, या प्रश्नाला त्या अनामिक कारागिरांनी दिलेलं हे उत्तर. चौदाव्या शतकात पत्ते अरबी जगातून युरोपात गेले. स्पॅनिश भाषेत पत्त्यांना आजही ‘नाइपेस’ म्हणतात. तो शब्द ‘नायब’वरून आला असं मानतात. आपण ज्यांना साहेबाचे पत्ते समजतो, ते मुळात साहेबाकडे आपल्याकडून गेले.

हिंदुस्थानात पत्ते आले ते ‘गंजिफा’ या फारसी नावाने. बाबराने आपल्या आत्मचरित्रात नोंदवलं आहे की 1527 मध्ये त्याने सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवला, कारण शाह हसनला त्याची फार आवड होती. पण पत्त्यांच्या रचनेत खरं लक्ष घातलं ते बाबराच्या नातवाने.

अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त या खेळाची सविस्तर माहिती दिली आहे. जुना संच 12 रंगांचा, प्रत्येक रंगात 12, म्हणजे 144 पत्त्यांचा. त्यात अश्वपती, गजपती, नरपती असे राजे होते. पायदळावर ज्याचं बळ तो नरपती, आणि त्याचं उदाहरण म्हणून अबुल फजल विजापूरच्या राजाकडे बोट दाखवतो. अकबराने या संचात फेरफार केले. राजा आणि वजीर राहिले, पण त्यांच्या खालच्या दहा पत्त्यांवर आली काम करणारी माणसं.

धनपतीच्या पत्त्यांवर टांकसाळीतली माणसं: जवाहिऱ्या, धातू वितळवणारा, तुकडे पाडणारा, वजन करणारा, शिक्का मारणारा. शमशेर रंगात हत्यारं घडवणारे आणि घासणारे. ताज रंगात शिंपी. गुलाम रंगात सेवक: काही बसलेले, काही झिंगलेले, काही शुद्धीवर. आणि बरात रंगात सगळं दफ्तर: कागद बनवणारा, ओळी आखणारा, नोंदी करणारा, नक्षी काढणारा, फर्मान लिहिणारा, रंगरेज आणि मुजल्लिद. मुजल्लिद म्हणजे बाइंडर.

हा शब्द वाचला आणि मी थांबलो. दारात उभे असलेले ते पालक आठवले.

हा ‘बरात’ शब्दही आपला जुना ओळखीचा आहे. सरकारी वसुलीतून अमुक रक्कम अमुक माणसाला द्यावी, असा तो हुकूम. जुन्या मराठी कागदपत्रांत तोच ‘वरात’ म्हणून येतो. लग्नाची वरात वेगळी. ही वरात खजिन्यावरची. आणि मराठी माणूस पत्ते पिसताना ‘गुलाम’ आणि ‘हुकूम’ म्हणतो, तेव्हा तो अरबीच बोलत असतो.

चित्रं ही झाली एक बाजू. खेळ रचणाऱ्याचं अर्धं काम नियमांत असतं, आणि ते मला माझ्या वर्गाने शिकवलं. सुरुवातीला माझा नियम साधा होता: मोठा आकडा जिंकतो. पहिल्याच तासात दिसलं की ज्याच्या वाट्याला दुर्री-तिर्री येते तो पाच मिनिटांत खेळातून मनाने उठतो. त्यातली एक याच पालकांची मुलगी. हातातले पत्ते पालथे ठेवून ती खिडकीबाहेर बघत बसली होती. तिला सगळे शब्द येत होते, पण लिहिण्याची पाळीच येत नव्हती.

याचा तोड मला मुघल गंजिफ्यात सापडला. आठ रंग, 96 पत्ते. राजा आणि वजीर सगळीकडे वरचेच. पण ताज, सफेद, शमशेर, गुलाम या चार रंगांत दहाचा पत्ता पुढे, मग नऊ, आठ असं एकपर्यंत खाली. आणि चंग, सुर्ख, बरात, किमाश या चार रंगांत बरोबर उलट, एक्का पुढे आणि दहा सगळ्यांत मागे. म्हणजे कुठलाच आकडा जन्मतः दुबळा नाही. तो कोणत्या रंगात पडला यावर त्याची किंमत. डाव कोणी सुरू करायचा तेही ठरलेलं: दिवसा सुर्खचा म्हणजे सोन्याचा राजा ज्याच्याकडे तो, रात्री सफेदचा म्हणजे चांदीचा. सूर्य आणि चंद्र.

मी घर आणि बाजार हे दोन गट उलटे केले. दुसऱ्या दिवशी ‘उलटं कुठलं, सुलटं कुठलं’ यावर भांडणं. मग उलट्या गटांना लाल चौकट रंगवली. तिसऱ्या दिवशी कळलं की डाव लांबतो आणि घंटा होते. हातातले पत्ते कमी केले. खेळ बनवणाऱ्याचं रोजचं काम ते हेच: खेळणाऱ्यांचे चेहरे बघायचे, कोण कंटाळलं ते टिपायचं, नियम खोडायचा, पुन्हा पत्ते वाटायचे. त्या मुलीला दुर्रीवर पहिला हात मिळाला तेव्हा तिने ‘चादर’ हा शब्द फळ्यावर नेहमीपेक्षा मोठा लिहिला.

हीच चौकट आपल्या कोकणात, सावंतवाडीत जिवंत आहे. तिथला दशावतारी गंजिफा दहा रंगांचा, 120 पत्त्यांचा: मत्स्यापासून कल्कीपर्यंत. राजाच्या खाली वजीर, त्याच्या खाली दहा पत्ते. अर्ध्या रंगांत दहा मोठा, अर्ध्या रंगांत एक्का. दिवसा रामाने सुरुवात, रात्री कृष्णाने. देव वैष्णव, हिशोब मुघल, आणि खेळणाऱ्याला त्यात काही खटकलं नाही.

चितारी कारागिरांची जुनी रीत अशी: कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, खडूचा लेप द्यायचा, गुळगुळीत दगडाने घोटायचं, गोल कापायचं, रंगवायचं आणि वरून लाखेचा हात. मागची बाजू एकाच रंगाची, कारण पाठीवरून पत्ता ओळखू आला की डाव संपला. ही कला विझत आली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसवून ती सावरली.

पुढच्या पालकसभेला ते बाइंडर आले. मी त्यांना हे सगळं सांगितलं: बादशहाच्या पत्त्यांवर राजाबरोबर मुजल्लिदही होता, त्याच्या धंद्याला तिथे मानाची जागा होती. ते काही वेळ गप्प होते. मग पेटीतले पत्ते उचलून त्यांनी अंगठ्याने कडा चाचपल्या.

“सर, कटिंग टेढा है. पीछे से पहचान में आते. बच्चे चीटिंग करेंगे.”

ते संच घेऊन गेले. दोन दिवसांनी त्यांच्या मुलीने पेटी आणून माझ्या टेबलावर ठेवली. 49 पत्ते एका मापाचे, कोपरे गोल केलेले. त्यातला एक कोरा होता. म्हणाली, “अब्बांनी जास्तीचा दिलाय. कारागिरीतला वजीर बदला म्हणाले. मुजल्लिद काढा.”