मांजर गाभण आहे हे कसे ओळखावे? पिल्लांसाठी काय तयारी करावी?

मांजरीचा गर्भकाळ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा, म्हणजे जेमतेम नऊ आठवड्यांचा असतो.

लक्षणे: तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास स्तनाग्रे गुलाबी आणि ठळक होतात. पाचव्या आठवड्यापासून पोट दिसू लागते, भूक वाढते. पोट दाबून पाहू नका. सोनोग्राफीत गर्भ कळतो, तर ४५ दिवसांनंतरच्या एक्स-रेत पिल्लांची संख्या मोजता येते.

तयारी: शेवटच्या दोन आठवड्यांत शांत, अंधाऱ्या कोपऱ्यात खोका ठेवून त्यात जुने सुती कापड अंथरा. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. खोली थंड ठेवा, पण कूलरचा झोत खोक्यावर नको, कारण नवजात पिल्लांना अंगातली ऊब टिकवता येत नाही.

धोका कधी? अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिल्लू बाहेर आले नाही किंवा खूप रक्त जात असेल, तर मांजरीला लगेच पशुवैद्यकाकडे न्या. नागपुरात सेमिनरी हिल्स येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयातही उपचार होतात. घरातली पॅरासिटामॉलची गोळी मात्र कधीही देऊ नका. मांजरीसाठी ती विष आहे.