शिरेपर्यंतची वाट

बऱ्हाणपूरच्या जुन्या हकिमांना शीर ठाऊक होती ती रक्त बाहेर काढण्यासाठी. युनानी वैद्यकात या उपचाराला फस्द म्हणतात, आयुर्वेदात सिरावेध. अंगात साचलेला दोष रक्तावाटे निघून गेला की माणूस बरा होतो, ही समजूत त्या काळी पॅरिसपासून तापीकाठापर्यंत सगळीकडे होती. 1631 मध्ये याच शहरात मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात गेली. बादशहाच्या पदरी नामांकित हकीम होते, औषधांना तोटा नव्हता, तरी तिला कुणी वाचवू शकलं नाही. तिचं पहिलं दफन तापीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात झालं. औषध शिरेतून थेट रक्तात सोडण्याची रीत तोवर आलेली नव्हती.

पुढे पंचवीस वर्षांनी, 1656 मध्ये, ऑक्सफर्डला क्रिस्टोफर रेन याने पिसाची नळी आणि प्राण्याचं मूत्राशय वापरून कुत्र्याच्या शिरेत द्रव सोडून पाहिला. 1832 च्या कॉलऱ्यात स्कॉटलंडच्या थॉमस लॅटा या डॉक्टरने मरणाच्या दारातल्या रोग्यांच्या शिरेत मिठाचं पाणी चढवलं आणि काही जण उठून बसले. आज तालुक्याच्या दवाखान्यात दोरीला टांगलेली सलाईनची बाटली दिसते, तिची सुरुवात इथली.

कॅन्सरच्या औषधांनी मात्र या वाटेची कसोटी पाहिली. दुसऱ्या महायुद्धात येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन यांनी विषारी वायूशी नातं सांगणारं नायट्रोजन मस्टर्ड रोग्याला शिरेतून दिलं. मागोमाग भीमावरमला जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेतून आलेलं अमिनोप्टेरिन वापरून सिडनी फार्बर यांनी बोस्टनमध्ये रक्ताच्या कॅन्सरने आजारी मुलांना काही काळ का होईना, बरं करून दाखवलं. 1958 मध्ये कॅनडात नोबल आणि बिअर यांनी सदाफुलीच्या पानांतून विनब्लास्टिन वेगळं काढलं आणि थोड्याच वर्षांत त्याच झाडातून विनक्रिस्टिनही मिळालं. आपल्याकडे तुळशीशेजारी, कुंपणाला, पडक्या भिंतीच्या फटीतही उगवणारी ही सदाफुली.

पण ही औषधं शिरेबाहेर सांडली तर मांस जाळतात. विनक्रिस्टिन तसंच, आणि डॉक्सोरुबिसिन, ज्याला वॉर्डातले लोक सरळ ‘लाल औषध’ म्हणतात, तेही तसंच. हाताच्या बारीक शिरा तीन-चार खेपांत काळवंडतात, दोरीसारख्या कडक होतात. मग परिचारिका मनगट थोपटत बसते, शीर सापडत नाही, चार ठिकाणी टोचून हात सुजतो. अनेक रोग्यांना केमोच्या उलट्यांपेक्षा या टोचण्याची धास्ती जास्त वाटते. औषध सौम्य होण्यासाठी ते मोठ्या शिरेत, भरपूर रक्त वाहतं तिथे, हृदयाच्या तोंडाशी सोडायला हवं होतं.

तिथवर जाण्याचं धाडस पहिल्यांदा केलं ते वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टरने. 1929 साल, एबर्सवाल्ड गावचं रुग्णालय. वरिष्ठांनी परवानगी नाकारली होती. गेर्डा डिट्झेन ही परिचारिका स्वतःवर प्रयोग करून घ्यायला तयार झाली. तिला त्याने टेबलावर बांधलं, पण भूल देऊन कापलं स्वतःच्याच कोपराजवळ, आणि लघवीसाठी वापरतात ती लांब नळी स्वतःच्या शिरेतून वर सरकवली. नळी तशीच हातात ठेवून तो जिना उतरून क्ष-किरण विभागात गेला आणि नळीचं टोक हृदयात पोचल्याची छबी त्याने काढून घेतली. तेव्हा त्याच्या वाट्याला हेटाळणी आली. 1956 मध्ये नोबेल पारितोषिक आलं.

त्यानंतरची पावलं लवकर पडली. 1973 मध्ये ब्रोव्हियाक आणि 1979 मध्ये हिकमन या सिएटलच्या डॉक्टरांनी छातीतून बाहेर लोंबणाऱ्या, महिनोन्‌महिने टिकणाऱ्या नळ्या आणल्या. शिरेचा प्रश्न सुटला, पण नळीचं तोंड उघड्यावर राहिल्याने अंघोळ अवघड झाली आणि जंतूंची भीती कायमची मागे लागली. 1982 मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या जॉन नीडरह्यूबर आणि सहकाऱ्यांनी कॅन्सरच्या रोग्यांमध्ये सगळंच कातडीखाली ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. नाण्याएवढी डबी, तिच्यावर सिलिकॉनचा जाड पडदा, डबीतून निघणारी मऊ नळी. बाहेर काही नाही. हाच पोर्ट.

बऱ्हाणपूरकराला याची रचना समजावून सांगायला फार वेळ लागू नये. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, 1615 च्या सुमारास बांधलेल्या कुंडी भंडाऱ्यात सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहराकडे येतं आणि वरून दिसतात त्या फक्त कुंड्यांच्या गोल कडा. पोर्टची नळीही तशीच आतून वाहते, वर जाणवतो तो एक उंचवटा.

या डबीत टोचायची सुई वेगळी असते. तिचं टोक किंचित वाकवलेलं असल्याने ती पडद्याचा तुकडा न काढता आरपार जाते. ती रूढ झाली सिएटलच्याच राल्फ हूबर या दंतवैद्याच्या नावाने. इंजेक्शन कमी दुखावं, एवढ्यासाठी 1940 च्या दशकात त्याने सुईच्या टोकाचा विचार केला होता. साध्या सुईने पोर्ट टोचला तर पडदा कुरतडला जातो आणि महागाची वस्तू निकामी होते. ही गोष्ट पुढे कामाची आहे.

बऱ्हाणपूर आणि मोठा इलाज यांच्यामध्ये आजही एक आगगाडी असते. मुंबईला अलाहाबादमार्गे हावड्याशी जोडणारा लोहमार्ग 1870 मध्ये पुरा झाला. त्याच मार्गावर भुसावळ आणि खांडव्याच्या मध्ये हे स्टेशन आहे आणि मुंबई इथून सुमारे पाचशे किलोमीटर. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झालं. मेहरबाई टाटा 1931 मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, त्या दुःखातून दोराबजी टाटांनी मनात धरलेला हा संकल्प. पुढे 1962 मध्ये रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे गेलं. गाडगेबाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा बाहेरगावच्या कॅन्सर रोग्यांना आसरा देते. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रोग्याला रेल्वे स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं माफ करते, सोबत्यालाही मोठी सवलत देते. इंदूर आणि जळगाव जवळ असली तरी खानदेश-निमाडातल्या कित्येक घरांनी ही परळची वाट पायाखाली घातली आहे.

पोर्ट बसवण्याचं काम तासाभराचं असतं, बहुधा जागा बधिर करून. मानेच्या शिरेत नळी घालतात, ती कातडीखालून गळ्याखालच्या आडव्या हाडावरून खाली आणतात आणि छातीवर छोट्या चिरेतून डबी बसवतात. रोगी बऱ्याचदा लगेच घरी निघतो आणि ठणका सुरू होतो गाडीत. बधिरपणा उतरला की खांदा भरून येतो, मान अवघडते, हाडाशी ओढ लागते. डबीभोवती निळं-जांभळं दिसू लागतं आणि घरचे घाबरतात. पहिले दोन-तीन दिवस सल जास्त असतो, आठवडाभरात तो बहुतेकांचा ओसरतो, निळेपणाला त्याहून थोडे दिवस लागतात. डॉक्टरांनी लिहून दिलेली पॅरासिटामॉलची गोळी पुष्कळदा पुरते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. परतीच्या प्रवासात वरचा बर्थ नको, हातावर जोर देऊन चढावं लागतं. बॅगेचा पट्टा दुसऱ्या खांद्यावर घ्यावा. पुढून उघडणारा सैल कपडा असला की हात वर न करता बदलता येतो.

घरी पोचल्यावर शहराची जुनी सवय आडवी येते. तापीकाठच्या शाही किल्ल्यात रंगवलेल्या छताचा हमाम आजही पाहायला मिळतो. गरम पाणी, वाफ, मालिश यांनी दुखरं अंग मोकळं करण्याची रीत तिथून गल्लीबोळांत सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली. आजी शेकायला कापड गरम करते, काकू हळद-तेल घेऊन येते. दोघींची माया खरी आहे, पण ताज्या पोर्टवर शेक, हळद, तेल हे तिन्ही नको. केमोने पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात आणि जखमेवरच्या लेपातून जंतू थेट मोठ्या शिरेच्या दारात जातात. जखम भरेपर्यंत ती कोरडी ठेवायची, डॉक्टरांनी हो म्हटलं तर कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ धरायचा. खांदा अजिबात न हलवणंही चुकीचं, तो आखडतो. हात हळूहळू फिरवत राहावा.

खरी अडचण कामाची. बऱ्हाणपूर जिल्हा केळीचा. केळीचा घड मजूर खांद्यावर घेतात, आणि डबी बसते ती त्याच खांद्याच्या पुढे. शहर पॉवरलूमचं, जिथे माणूस दिवसभर हात पुढे करून धागे जोडत उभा असतो. दोन आठवडे वजन उचलू नका, हे वाक्य रोजंदारीच्या माणसाला औषधाच्या किमतीएवढंच महाग पडतं. त्याला ते सांगताना त्याच्या मुकादमालाही कुणीतरी सांगायला हवं, आणि त्या दोन आठवड्यांच्या चुलीचा विचार करायला हवा.

थंडी वाजून ताप, जखमेतून पू, वाढती लाली, त्या बाजूचा हात किंवा मान सुजणं, धाप लागणं, यांपैकी काहीही झालं तर रात्र न घालवता रुग्णालय गाठायचं. ठणका सोसायचा असतो, ही लक्षणं सोसायची नसतात.

इलाज संपल्यावरही पोर्ट काही काळ आत राहतो आणि तो तुंबू नये म्हणून साधारण महिन्याने, काही ठिकाणी तीन महिन्यांपर्यंतच्या अंतराने, सलाईन किंवा हेपारिनने धुवावा लागतो. काम काही मिनिटांचं. तेवढ्यासाठी पाचशे किलोमीटर जाणं आणि येणं हा अन्याय आहे. बऱ्हाणपूर 15 ऑगस्ट 2003 पासून स्वतंत्र जिल्हा आहे, त्याला स्वतःचं जिल्हा रुग्णालय आहे. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रं उघडण्याचं जाहीर केलं, त्यांतली 200 त्याच वर्षात. खाटा आणि पाटी लावून हे केंद्र पुरं होणार नाही. हूबरच्या सुया साठ्यात ठेवा, पोर्ट धुण्याचं आणि ताजी जखम पाहण्याचं शिक्षण दोन-तीन परिचारिकांना द्या, आणि आठवड्यातला एक ठरलेला वार फलकावर लिहा. जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींकडे बऱ्हाणपूरच्या लोकांनी ही मागणी आताच लावून धरावी.